गाडीबाहेर

कलाबाई आफ्रिकेहून सातपूरला परतल्या, तेव्हा गल्लीत जो तो एकच विचारायचा, "सिंह पाहिला का?" नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं वाढवलेला महेश जोहान्सबर्गला इंजिनिअर होता. त्यानंच आईला दोन महिने तिकडे नेलं होतं. निघताना जंगलातल्या चित्रीकरणाची सीडी हातात ठेवून म्हणाला होता, "सगळ्यांना दाखव."

म्हणून एका रविवारी दुपारी शेजारपाजार टीव्हीसमोर जमला. सुनेचे, छायाचे वडील निवृत्तीभाऊही मखमलाबादहून आले. येताना शेतातल्या गुलाबांची जुडी आणली होती.

पडद्यावर आधी जिराफ आले, मग रस्ता अडवून उभे राहिलेले हत्ती. मागून महेशचा आवाज चालू होता, हसरा, माहिती सांगणारा. "तिथं आपली गाडी आपणच चालवायची," कलाबाई सांगत होत्या. "सोबत वाटाड्या नाही. फक्त काचा वर ठेवायच्या आणि काही झालं तरी खाली उतरायचं नाही." मग सिंह दिसले. दोन माद्या आणि एक आयाळवाला, रस्त्याकडेच्या गवतात पोट भरून पसरलेले. मागचे लोक उठून पुढे सरकले. एवढ्यात चित्र उडालं आणि एकदम तळं आलं, त्यात पाणघोडे.

"मधलं काहीतरी राहिलं वाटतं," शेजारचे रंगनाथ म्हणाले.

"हो," म्हणत कलाबाई चहा टाकायला आत गेल्या.

मधलं त्यांना पाठ होतं. छाया पुढच्या सीटवर नकाशा घेऊन बसली होती. सिंहांपासून निघाल्यावर तिनं चुकीचा फाटा सांगितला आणि बरंच अंतर उलटं गेलं. जंगलाचं फाटक बंद व्हायची वेळ होत आली होती. थोडं पुढे जाऊन महेशनं गाडी थांबवली.

"उतर," तो म्हणाला. "तुला रस्ते कळतात ना? मग ये चालत."

कलाबाईंना वाटलं, थट्टा करतोय. पण छायानं नकाशा घडी करून ठेवला, ओढणी आवरली आणि उतरली. रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. तिचं ते मुकाट उतरणं पाहून कलाबाईंना उमगलं, हे पहिल्यांदा होत नव्हतं. दोन महिने बंद दाराआडून आवाज यायचे, आणि नवराबायकोचं भांडण म्हणून त्या कूस बदलायच्या.

गाडी हळूहळू पुढे निघाली.

"महेश, थांब."

"तू मधे पडू नको, आई. जरा अक्कल येऊ दे तिला."

मागच्या काचेतून छाया दिसत होती. रस्त्याच्या मधोमध, हात अंगाशी घट्ट धरून, मान खाली. दोन्ही बाजूंना कमरेइतकं पिवळं गवत. कलाबाईंनी दार उघडलं आणि पाय बाहेर टाकला. महेशनं करकचून ब्रेक मारला. त्या उतरल्या आणि मागे चालू लागल्या. गवतात काही हललं की काय, हे बघायचं त्यांनी टाळलं. बघितलं असतं तर पाऊल उचललं नसतं. त्यांनी छायाचं मनगट धरलं, ते गार पडलं होतं.

"आई, तुम्ही कशाला उतरलात?"

त्यांनी मनगट सोडलं नाही. महेशनं गाडी मागे आणली. आई बाहेर होती म्हणून आणली.

"गंमत केली तर दोघी वेड्यासारख्या करता," तो म्हणाला. पुढे, फाटकाची घाई विसरून, तळ्यावर थांबून त्यानं पाणघोड्यांचं चित्रण केलं, त्याच हसऱ्या आवाजात.

चहाला उकळी येत होती, तेवढ्यात निवृत्तीभाऊ पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. "छाया बरी हाय ना तिकडं?" त्यांनी सहज विचारलं.

कलाबाईंनी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. निवृत्तीभाऊ पेला धरून ऐकत राहिले, पण दचकले नाहीत.

"मला ठाऊक हाय," ते हळूच म्हणाले. "फोनवर रडली व्हती. तिच्या आईनं समजूत घातली."

"मग?"

"धाकट्या मीनाची सोयरीक जमत आलीय. थोरली परत आली असं कळलं तर लोक मागं सरतील. येवढं पोटात ठेवा, विहीणबाई." त्यांनी पेला ठेवून हात जोडले.

"आणि ती तिकडं मेली तर?"

बाहेर कोणीतरी पुन्हा सिंह लावायला सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी महेश कामावर असेल अशी वेळ साधून कलाबाईंनी छायाला फोन लावला. "निघून ये," म्हणाल्या.

"पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. आणि येऊन राहू कुठं? माझे वडील घरात घेणार नाहीत."

"वडलांकडं जा असं कोण म्हणतंय?"

मग त्या जन्मात पहिल्यांदा मुलाशी खोटं बोलल्या. छातीत दुखतं, डॉक्टरांनी उठू नको म्हटलंय, घरात करायला कोणी नाही. महेश कुरकुरला, पण लोक काय म्हणतील म्हणून त्यानं बायकोला महिन्याभरासाठी पाठवलं. दिवाळीच्या तोंडावर छाया आली. गळ्याची हाडं वर आलेली, डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळलेली. त्या बोटाबद्दल कलाबाईंनी विचारलं नाही.

महिना सरल्यावर महेशचा फोन आला.

"ती येणार नाही," कलाबाई म्हणाल्या.

"तिला दे फोन."

"नाही."

"मग मला आई नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मीनाची सोयरीक मोडली नाही. लग्न थाटात झालं. गल्लीत दोन घरी पत्रिका आल्या, कलाबाईंकडे आली नाही. सासूनं सून फोडली, पोटच्या पोराचा संसार मोडला, असं बायका नळावर बोलायच्या. छाया एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाऊ लागली.

घरात फोन वाजला की छाया उठून मोरीत जायची आणि नळ सोडायची. कलाबाई रिसीव्हर कानाला लावायच्या आणि पलीकडचा आवाज ओळखू येईपर्यंत काही बोलायच्या नाहीत. महेशचा आवाज पुन्हा कधी आला नाही. रिसीव्हर ठेवून त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहायच्या.