बारावी वाट

रविवारी सकाळी सहाला केरबा दूध घालायला आला तेव्हा मी दारातच उभा होतो. एरवी मी भांडं पुढं करतो, तो माप ओततो आणि जातो. त्या दिवशी मला कुणाशी तरी बोलायचं होतं.

"केरबा, काल तुमच्या वाडीवरनं घोडमाळावर दोन मुलं सायकली घेऊन गेली. माझा पुतण्या आणि त्याचा मित्र. दिसली का?"

"दिसली की. जाड टायरच्या सायकली. म्हटलं, ही पोरं सायकली चारायला निघाली काय माळावर." तो स्वतःच हसला.

"आज नऊला निघून मागच्या अंगानं उतरतील."

त्याचं माप हवेतच थांबलं. "मागनं? मागं वाट कुठं हाय, सर? दोन वर्सं झाली, खडीच्या खाणीनं तिकडचा डोंगर खाल्लाय. वाट जाती ती सरळ कड्यावरनं खाली. सत्तर फूट आसंल."

मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या. 

गोष्ट २००३ सालची. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती. माझा पुतण्या प्रसेनजीत इंजिनिअरिंगला होता आणि त्याला गिअरच्या सायकलीचं वेड लागलं होतं. कोल्हापूरच्या आसपास डोंगरात सायकल कुठं चालवता येते, तंबू कुठं ठोकता येतो, पाणी कुठं मिळतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. माझ्याकडं जुने नकाशे होते. मी त्याला बारा वाटांची यादी करून दिली. त्यातल्या अकरा मी तरुणपणी पायी हिंडलो होतो. बारावी, घोडमाळाची, मी फक्त नकाशात पाहिली होती. उंचीच्या रेषा विरळ दिसल्या म्हणून लिहिलं: 'उतार सौम्य, न थांबता उतरता येईल. माथ्यावर टाकं, बारमाही पाणी.' टाक्याचं एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. अकरा हा आकडा मला अपुरा वाटला, एवढंच कारण.

शनिवारी पोरं निघताना प्रसेनजीतच्या आईनं, शालूवहिनींनी, मला विचारलं होतं, "भावजी, वाट तुमच्या पायाखालची हाय न्हवं?"

मी मान हलवली होती.

केरबानं बाकीची गिऱ्हाइकं सोडली. त्याच्या एम-एटी गाडीवर, दोन किटल्यांच्या मध्ये मी कसाबसा बसलो. वाटेत कोडोली येईपर्यंत माझं मन मलाच फसवत होतं. केरबा दुसऱ्याच टेकडीबद्दल बोलत असेल. मुलं हुशार आहेत, बघून उतरतील. आपण उगाच धावत सुटलोय, प्रसेनजीत मित्रासमोर हसेल. मग मला मीच लिहिलेले शब्द आठवत. न थांबता उतरता येईल.

वाडीशी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. केरबा म्हणाला, "म्होरल्या वाटंनं मी वर जातो, आडवतो त्यास्नी. तुमी खाणीवर ऱ्हावा. नऊला निगनार न्हवं? वेळ हाय." मलाही तसंच वाटलं.

खाणीत खडी फोडायचा क्रशर चालू होता. पांढऱ्या धुळीत काही दिसत नव्हतं. वर बघितलं. डोंगर सुरीनं कापल्यासारखा उभा होता. कड्याच्या वर करवंदीची दाट जाळी आणि तिच्याही वर, उजवीकडं, उतरत येणाऱ्या वाटेचं एक वळण. वरून येणाऱ्याला जाळीपलीकडं काय आहे ते दिसणं शक्यच नव्हतं.

मुकादम पिराजी बाजेवर बसून चहा पीत होता.

"या पावणं. खडी पायजे?"

मी म्हणालो, "तुमचं मशीन जरा बंद कराल का?"

"का? झोपमोड झाली काय तुमची?" कामगार हसले.

अनोळखी माणसाकडं मी कधी काही मागितलेलं नाही. तरी बोललो. "वरून दोन पोरं सायकलीवर येणार आहेत. वाट आहे असं मी त्यांना लिहून दिलंय. मी ती बघितलेली नव्हती."

पिराजीनं कप खाली ठेवला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि स्वतः जाऊन बटण दाबलं.

मशीन थांबलं. त्या शांततेत वरून हसण्याचा आवाज आला.

ते वळणावर होते. पुढं त्याचा मित्र, कागलचा पृथ्वीराज, मागं प्रसेनजीत. टाकं कोरडं निघालं होतं आणि बाटल्या रात्रीच संपल्या होत्या, म्हणून ते लवकर निघाले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हात वर करून ओरडलो, "थांबा! प्रसेनजीत, थांब!"

त्यानं मला ओळखलं. आनंदानं हात हलवला. काका घ्यायला आलेत असं त्याला वाटलं असावं. दोघांनी पायडल जोरात मारलं आणि जाळीत दिसेनासे झाले.

मी पुन्हा ओरडलो.

पिराजीनं शिट्टी फुंकली. एका हातानं लाल निशाण फडकावत तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "सुरुंग! सुरुंग हाय! पळा मागं!" कामगारांनीही तीच आरोळी उचलली. "सुरुंग! सुरुंग!"

वर ब्रेक किंचाळले. मुरूम घसरल्याचा आवाज आला. मग जाळीतून एक सायकल बाहेर आली, हवेत तिरकी झाली आणि कड्यावर दोनदा आपटून माझ्यापासून वीस पावलांवर पडली. लाल सायकल. प्रसेनजीतची.

मी तिच्या मागोमाग काही पडतंय का ते बघत राहिलो. डोळे मिटायचं धाडससुद्धा झालं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग काठावर एक डोकं दिसलं, त्याच्या शेजारी दुसरं. दोघंही पोटावर पालथे होते.

"पोरं हाईत!" पिराजी म्हणाला. मी तिथंच खडीवर बसलो.

केरबा त्यांना पुढच्या वाटेनं खाली घेऊन आला. प्रसेनजीतचं कोपर सोलवटलं होतं, ओठ पांढरे पडले होते. पृथ्वीराज म्हणाला, "आमच्या गावाकडंबी खाण हाय. सुरुंग म्हटलं की पाय आपोआप थांबत्यात. न्हायतर आज गेलतो. ह्यो मागनं येऊन माझ्यावर आदळला, ह्याची सायकल तेवढी खाली गेली."

प्रसेनजीत माझ्यासमोर उभा राहिला. "काका, तुम्ही ह्या वाटेनं कधी गेलतासा?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "तुझ्या आईलाही मी खोटं सांगितलं."

तो सायकलीच्या वाकड्या चाकाकडं बघत राहिला. मग एकदम त्यानं मान वर केली. "पृथ्वी, यादीच्या झेरॉक्स किती काढलेल्या आपण?"

"तीस. सायकलच्या दुकानात ठेवलेल्या. शुक्रवारीच संपल्या की."

"कुणी नेल्या?" मी विचारलं.

"काय म्हाईत, काका. कुणीबी नेल्या असतील."

पिराजीनं ते लाल निशाण माझ्या हातात दिलं. दोन कामगार बाभळीच्या फांद्या ओढत माझ्याबरोबर निघाले. पुढच्या बाजूनं चढून, माळ ओलांडून, मी पहिल्यांदाच त्या वाटेनं खाली आलो. वाट खरोखरच सौम्य होती. आम्ही काट्यांचं कुंपण घातलं, वळणावरच्या खुरट्या झाडाला निशाण बांधलं. कामगार परत गेले.

मी तिथंच बसून राहिलो, यादी घेऊन आणखी कुणी आलंच तर अडवायला. रविवार होता, दहा वाजत आले होते. खाली क्रशर पुन्हा चालू झाला आणि वरून कोण येतंय ते मला ऐकू येईना.