दुर्जनसिंगाची पापणी

रामाजींनी झाडीपट्टीच्या नाटकांत उभी उमर खलनायक रंगवला, पण मोबाइलनं आपल्याला असं हाकलून लावावं, असं त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

सिंदेवाहीजवळच्या त्या गावात सेवा केंद्र चालवणारी दीपिका सकाळपासून त्यांचा अर्ज भरत होती. मीराबाईंना, म्हणजे रामाजींच्या बायकोला, हार्टचा झटका येऊन गेला तेव्हापासून गोळ्या जन्माच्या मागे लागल्या होत्या. त्या गोळ्यांसाठी आता सरकारची मदत मिळणार होती. अर्ज घरच्या कर्त्याच्या नावानं, आणि मुदत आज संध्याकाळपर्यंत. मीराबाईंना गोळ्यांचं एक पान फार दिवस पुरतं, याचं रामाजींना मोठं कौतुक होतं. पण तेही संपत आलं होतं.

डॉक्टरची चिठ्ठी चढली, रेशनकार्ड चढलं. आता मोबाइलपुढं तोंड धरायचं आणि ते आधारच्या फोटोशी जुळलं की काम फत्ते. पण ते काही केल्या जुळेना.

"भाऊ, हा फोटो तुमचाच हाये ना?" दीपिकानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. कार्डावर कानाकडे निघालेल्या मिशा, कोळशानं ओढाव्यात तशा भुवया, आणि बघणाऱ्याचं घर पेटवायला निघालेली नजर होती.

"माहाच हाये," रामाजी छाती काढून म्हणाले. "दुर्जनसिंग म्हणतेत याले."

झालं होतं असं की, आधारचं शिबिर गावात आलं त्याच्या आदल्या रात्री शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गर्दीपुढं नाटक होतं. पहाटेपर्यंत मुडदे पाडून दुर्जनसिंग तसाच येऊन रांगेत उभा राहिला. चिकटवलेली मिशी ओढली तर कातडी हातात आली असती. फोटो काढणारा इतका घाबरला की, त्यानं रामाजींचा नंबर सर्वांत आधी लावला. पुढं वर्षभर रामाजी ते कार्ड गावाला दाखवत फिरले.

"फोटो बदलवाले किती दिवस लागतीन?" त्यांनी विचारलं.

"आठ-पंधरा दिवस तरी. अन् साइट तं सांजच्याले बंद होऊन राह्यली."

रामाजींचं अवसान गळालं. तेव्हा बाकावरून मीराबाई उठल्या. "फोटो बदलत नाई तं नको बदलू. तोंड बदलवू."

याच मीराबाईंनी दुर्जनसिंगाचा जन्मभर दुस्वास केला होता. तोंड धुतल्याशिवाय त्याला भाताचं शीत दिलं नव्हतं. आज त्या स्वतः घरी जाऊन रंगाची पेटी घेऊन आल्या. दीपिकाच्या टेबलावरच्या डिंकानं त्यांनी मिशी चिकटवली, काजळानं भुवया ओढल्या. घाईत डावी भुवई जरा जास्तच रागावली. रांगेतलं एक तान्हं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. रामाजींना बरं वाटलं, अजून जमतंय म्हणायचं!

मोबाइलनं दुर्जनसिंगाला ओळखलं. पडद्यावर पुढचं फर्मान आलं, डोळ्यांची उघडझाप करा.

इथं घोडं अडलं. दुर्जनसिंग पापणी हलवत नाही, हे अख्ख्या झाडीला ठाऊक. एकदा मिशी चढली की, रामाजींची पापणी आपोआप गोठायची.

"भाऊ, डोये मिचकवा ना!"

"दुर्जनसिंग मिचकवत नाई, बाई."

"मंग मदत दुर्जनसिंग देईन का?" दीपिका वैतागली. "आता एकच चान्स राह्यला. हुकला तं उद्यापर्यंत लॉक होते."

रामाजींना घाम फुटला. मिचकवायचं म्हटलं की डोळे आणखीच वटारले जायचे. रांगेतली माणसं ओरडून सांगत होती, "मिचकवा! मिचकवा!" आणि त्या आरड्याओरड्यात नजर आणखी करडी होत चालली होती.

पडद्यावर त्यांच्या मिशीच्या मागं मीराबाई दिसत होत्या. गोळीची वेळ झाली होती. त्यांनी पदराची गाठ सोडली, गोळी दातांनी मोडली. अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी कागदात गुंडाळून पुन्हा गाठीत बांधली. डॉक्टरनं तर रोज पूर्ण सांगितली होती.

"अर्धी काऊन ठेवली वो?" मान न वळवता रामाजींनी विचारलं.

मीराबाई दचकल्या. "उद्याले होते."

पान फार दिवस का पुरतं, ते रामाजींना आता कळलं. एवढे दिवस आपण त्याचंच कौतुक करत होतो! डोळे भरले, पापणी मिटली, आणि उघडली.

पडद्यावर हिरवी खूण उमटली. "झालं भाऊ, अर्ज गेला!" दीपिका ओरडली, आणि रांगेनं नाटकात वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या.

रामाजी उठले. काजळाचे ओघळ मिशीत उतरत होते. ते मीराबाईंपुढं जाऊन उभे राहिले आणि शंकरपटाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "काढ ते अर्धी! खाय! आत्ताच्या आत्ता!"

दुर्जनसिंगाच्या धमकीला मीराबाईंनी आजवर कधी भीक घातली नव्हती. आज त्यांनी मुकाट्यानं गाठ सोडली.