काचेच्या पेटीतलं पाणी

मासे जगवून नाथाजी हवालदाराला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. सांगलीतल्या साहेबाच्या बंगल्याची कायमची राखणदारी आणि मागच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत त्याच्या राहीबाईला स्वतःची चूल दिसत होती. आष्ट्याला जावेच्या हाताखाली भाकऱ्या थापून ती विटली होती.

साल १९४६. साहेब उन्हाळ्यापुरता महाबळेश्वरला गेला. जाताना पाणवेलींची, पाच लाल माशांची काचेची पेटी, तेवढ्यापुरता राहीबाईला घेऊन बंगल्यावर राहायला आलेल्या नाथाजीवर सोपवली. ताकीद एकच : आटेल तेवढीच भर घालायची, तीही बंगल्याच्या विहिरीची.

राहीबाईला हे पटेना. त्या जड पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नसे. "जिथं डाळ शिजत न्हाई, तिथं मुकं जीव कसं जगायचं?" असं स्वतःशीच म्हणत, नवरा बाजारात गेला की ती पेटीतलं घागरभर पाणी काढून कृष्णेचं ओतायची. त्याला सांगितलं नाही. पुण्य आपल्या एकटीच्या नावावर राहिलेलं बरं.

नाथाजी पूर्वी पलटणीत पाण्याच्या टाकीवर होता. रोज सकाळी पेटीतलं पाणी जिभेवर घेऊन बघे. ते पांचट लागलं, मासेही कोपऱ्यात दडलेले. विहिरीचा जोर उतरला, असं ठरवून त्यानं डबीतला बोटभर चुना सोडला. काचेवर पांढरा थर बघून राहीबाईनं एकाच्या दोन घागरी केल्या. त्यानं बोटाची चिमूट केली, चिमटीची मूठ.

पाणी सकाळी जड, दुपारी हलकं. वेलींची पानं गळाली, दोन मासे उताणे झाले. कारण दोघांनाही उमगेना.

साहेब यायच्या दिवशी दोघं पेटीपाशीच गाठ पडली.

"आवं, मुठीत काय?"

"चुना. आन् तुझ्या घागरीत गं?"

"नदीचं पाणी."

"म्हंजी मी घालतोय, ते तू काढतीस?"

"आन् मी घालते, ते तुमी नासताय!"

"मग आता काय घालायचं?"

"मला काय इचारता? पाण्याचं हवालदार तुमी!"

ते ठरेपर्यंत उरलेले तिन्ही मासे उताणे होऊन वर आले.

"पाणी कुणी बदललं?" साहेबानं विचारलं.

"कुणीच न्हाई, साहेब." बेरीज-वजाबाकी धरली, तर नाथाजी फारसं खोटं बोलला नाही.

राखणदारी गुंडा माळ्याला मिळाली. त्यानं पेटीत माती भरून मिरची लावली. राहीबाई जावेच्या चुलीपाशी परतली. तिथं डाळ लवकर शिजते, एवढीच जमा. चुना कमी पडला, असं नाथाजी अजून म्हणतो. किंमत रोख भरली ती माशांनी, पाचांनीही.