फाटकावरचे तीन शब्द

सात महिने बंद पडलेला आमचा चहाचा मळा सोमवारी उघडणार! सकाळी आठला सिलिगुडीहून मालकांचा फोन आला आणि माझी बोटं मळ्याच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर नाचायला लागली. अकराला बेंगळुरूला कामाला निघालेल्यांना स्टेशनवर नेणारी जीप सुटणार होती. तिच्यात माझी आयो, माझी आई, बसणार होती. त्याआधी नोटीस फाटकावर लागायला हवी होती.

आमचे बडोबाबू, म्हणजे हेडक्लार्क, परितोषबाबू जुनी फाइल उघडून सांगायला लागले, "लिही, आसुंता. सोमवारपासून काम रोजच्यासारखं चालेल, अंटिल फर्दर नोटिस."

माझे हात थबकले.

"बाबू, पुढची सूचना येईपर्यंत, हे शेवटी नको."

"का गं? चाळीस वर्षं आमच्या नोटिसा अशाच संपतात. उघडायची असो की बंदची!"

"बंदच्या नोटिशीतही हेच होतं, बाबू. मळ्यातल्या बायकांना इंग्रजी येत नाही, पण ते तीन शब्द डोळ्यांना पाठ झालेत. रोज येऊन बघतात, आहेत की गेले. आहेत म्हटलं की नदीवर दगड फोडायला जातात."

"मला कुठं दिसलं?"

"तुम्ही मागच्या दारानं येता ना!"

बाबू गोरेमोरे झाले, पण फाइलीतला मजकूर सोडायला तयार झाले नाहीत. मी तसंच टाइप केलं. खळ लावून मीच चिकटवलं.

फाटकाशी बायकांची गर्दी उसळली. बुधनीकाकीनं कागदाच्या तळाशी बोट नेलं आणि कपाळावर हात मारला.

"तेच गं बाई, तेच!"

"काकी, उघडतोय मळा! सोमवारी!"

"नुसता तोंडानं सात वेळा उघडला, नोनी, माझ्या पोरी. कागद बघ की."

जीपचा भोंगा वाजला. आयोनं गाठोडं काखेला मारलं. जीपकडे पाय उचलला.

"आयो, थांब! बाबू! अहो बाबू!"

माझ्या हाकेसरशी परितोषबाबू पुढच्या दारानं बाहेर आले. सात महिन्यांत पहिल्यांदा. गाठोड्यांकडे बघत उभे राहिले. मग खिशातून लाल पेन काढलं, ते तीन शब्द खरडून खरडून बुजवले. वर लिहिलं, विथ इफेक्ट फ्रॉम मंडे. खाली शिक्का ठोकला, धाप्!

आयो परत आली. ओल्या कागदाच्या तळावर नजर फिरवली, एकदा, दोनदा.

"गेले?"

"गेले, आयो."

"आणि हे नवं काय आहे?"

"सोमवारपासून लागू."

"वाच पुन्हा."

मी वाचलं. बायकांनी माझ्यामागून म्हटलं, मग ओरडून म्हटलं, मग मांदर ढोल नसताना तालावर म्हटलं, विथ इफेक्ट फ्रॉम मंडे! एकमेकींच्या कमरेत हात गुंफले, फाटकापुढे फेर धरला. जीपवाला भोंगा वाजवून थकला.

आयोनं गाठोडं तिथंच उघडलं. चहाची पाती खुडायची टोपली ज्यानं कपाळाला अडकवून पाठीवर घेतात, तो पट्टा आत गुंडाळून ठेवला होता. तो कपाळाला लावून ती मला म्हणाली, "बघ गं, अजून बसतो."