कसावा भिजवणारी डोणी

मित्रांनो, माझ्या जवळ आलात तर आधी नाक धराल. धरा, मला राग नाही. मी मलावी सरोवराच्या पश्चिम काठावरची, एका अख्ख्या खोडातून कोरलेली जुनी डोणी आहे. वासाचं कारणही सांगते.

माझं झाड कड्यावर होतं. फार पूर्वी इथली जमीन दुभंगली, मधला पट्टा खाली खचला आणि त्यात हे सरोवर साठलं. म्हणून आमचा डोंगर हळूहळू उतरत नाही, थेट पाण्यात पाय सोडून बसतो. काठापासून थोडं वल्हवलं की तळ दिसेनासा होतो. गावाला रस्ता नाही. कुठे जायचं तर पाण्यावरून. मासेमार याकोबेने मला वरच कोरलं आणि साऱ्या गावाने दोर लावून, गाणी म्हणत खाली आणलं.

सोळा वर्षं मी त्याचे मासे वाहिले. मग त्याने फळ्यांची, इंजिनाची बोट घेतली. उन्हात पडून माझ्या बुडाला चीर गेली. त्याची बायको न्यालोंग्वे हिने चिरेत चिखल लिंपला, माझ्यात पाणी भरलं आणि कसाव्याचे कंद आंबवायला घातले; तोच हा वास. तरी तिने मला सरपणाला दिलं नाही, हे मी विसरत नाही.

थंडीत आमच्याकडे म्वेरा सुटतो, दक्षिणेचा वारा. मग दिवसच्या दिवस लाटा उभ्या. त्या वर्षी याकोबे बोट घेऊन गेला आणि मागोमाग म्वेरा आला. तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता.

चौथ्या सकाळी वारा जरा पडला. उत्तरेच्या कड्यापलीकडे काळसर लोट दिसला.

"खुंगू!" याकोबेचा धाकटा भाऊ लाफुकेनी ओरडला. खुंगू म्हणजे सरोवरातून ढगांसारख्या उठणाऱ्या बारीक माश्या. दुरून हुबेहूब धूर. आमची माणसं त्यांच्या वड्या थापतात, त्यामुळे लोट दिसला की आधी तोंडाला पाणी सुटतं. "वहिनी, टोपली काढ!"

न्यालोंग्वे डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिली. "भावजी, खुंगू वाऱ्याबरोबर चालतात. हा लोट मघापासून त्याच खडकामागे आहे. त्याचं बूड हलत नाही. धूर आहे तो."

"तीन दिवस झोपली नाहीस. तुला आता चुलीतही नवरा दिसेल."

"दिसेल. तुला मात्र ताटापलीकडे काही दिसत नाही."

लोक हसले. तिने तिकडे जायला होडी मागितली, पण कुणी देईना. मासेमारीच्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही, ही आमच्या गावची रीत.

ती माझ्याकडे आली. कंद वाळूवर ओतले. चिरेत सालीचा काथ्या आणि डिंक ठासला. "ही होडी नाही, माझं भांडं आहे," ती म्हणाली. "भांड्याला कुठली रीत?"

"अगं, बुडशील!" लाफुकेनी म्हणाला.

"मग पाणी उपसायला चल."

लाफुकेनी आला, बडबडत, पण आला.

कड्याच्या टोकाला खडकावर आपटून परतणाऱ्या लाटांनी आम्हाला तीनदा मागे लोटलं. ती चौथ्यांदा वल्हं मारायला वाकली, तेव्हा मीही ठरवलं, चीर उघडू द्यायची नाही. इतकी वर्षं पोटात पाणी बाळगून माझं लाकूड फुगलेलं होतं, वाळलं नव्हतं. ते घट्ट धरून राहिलं.

खडकामागे याकोबे पाय मोडून पडला होता. फुटलेल्या बोटीची एकेक फळी तो जाळत होता. शेवटची फळी अर्धी उरली होती.

"हा कसला वास?" त्याचा पहिला प्रश्न.

"तुझ्या जेवणाचा," न्यालोंग्वे म्हणाली. डोळे पुसले आणि त्याला आत ओढलं.

त्याचा पाय अजून नीट झालेला नाही. म्हणून जाळं आता ती टाकते, माझ्यात बसून. गावकरी कुरकुरतात; लाफुकेनी सगळ्यांत जास्त कुरकुरतो आणि सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर येतो.

मित्रांनो, काम करणाऱ्याला कौतुकाआधी निगा लागते. दुपारी मला सावलीत ओढा, अंगावर ओल्या फांद्या घाला, चिरेकडे रोज नजर असू द्या. एवढं करा. घरात चूल पेटवायची आहे आणि उद्या पहाटे आम्हाला पुन्हा निघायचं आहे.