एका पाटीच्या दोन

सुनीतीबाई नव्या फरशीवर पाय ठेवीनात, आणि पायस मेस्त्रीचा जीव टांगणीला लागला.

आता एका म्हातारीनं एका खोलीत पाऊल टाकलं नाही तर एवढं कुठलं आभाळ कोसळतं, असं बाहेरचा माणूस म्हणेल. म्हणू दे. तो मिठबावचा नाही. इथं अर्ध्या गावाला बाईंनी पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलंय. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी बाईंनी नाक मुरडलं की गाव ती वस्तू घरात आणत नाही. आणि इथं तर त्यांच्या स्वतःच्या मुलानं, यज्ञेशनं, त्यांच्यासाठी बांधलेल्या घराची फरशी होती. रविवारी वास्तुशांत. आणि बाई सोमवारपासून मागच्या दारानं, कोंबड्यांमधून वाट काढत, स्वयंपाकघरात ये-जा करत होत्या. एकाहत्तराव्या वर्षी!

बुधवारी सकाळी यज्ञेशनं पायसला बाजूला घेतलं.

"आईचं काय बिनसलंय ते ती मला सांगत नाही. तुझ्या कामात खोट आहे असं मी म्हणत नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत ती आत आली नाही ना, तर परवा मी ही स्लेट उखडून टाइल्स घालणार. घर तिच्यासाठी आहे, दगडासाठी नाही."

उखडलेली फरशी! मेस्त्रीला एक वेळ कुणी शिव्या घालाव्यात, पण त्यानं बसवलेली फरशी उखडू नये. पायसचं सगळं आयुष्य गोव्यात दगडकामात गेलेलं. गेल्या मे महिन्यात तो बायको वेनेसाला घेऊन गावी परतला. जांभ्याचे चिरे लावणारे मेस्त्री इकडे वाडीवाडीत मिळतात, पण हा काळा, पापुद्र्यापापुद्र्याचा दगड हाताळणारा तो एकटाच, आणि ही त्याची इकडची पहिली फरशी. कुणकेश्वरचा लॉजवाला परशुराम शनिवारी ती बघायला येणार होता. पटली तर अकरा खोल्यांचं काम. आणि तो आला तेव्हा इथं फोडलेल्या दगडांचा ढीग दिसला तर? पायसनं मनातल्या मनात क्रूस केला आणि कामाला लागला.

काम म्हणजे शोधाशोध. फरशीत काहीतरी पाणी मुरत असणार, त्याशिवाय बाई अशा वागायच्या नाहीत. त्यानं तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी शहाण्यासारखं दाराकडे गेलं. मग ओल्या पायांनी, म्हाताऱ्या माणसासारखी पावलं टाकत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. पाय कुठं घसरला नाही. मग थापीच्या मुठीनं एकूण एक दगड ठोकून बघितला. खिडकीखालचा एक जरा पोकळ वाजला, तो त्यानं उचलून पुन्हा नीट बसवला. हे सगळं बाई पडवीत बसून, फणसाच्या आठळ्या सोलत, बघत होत्या. बघत होत्या हेच तर नवल. फरशी आवडली नसती तर पाठ करून बसल्या असत्या. पण नजर राहून राहून दगडावरच.

शेवटी न राहवून त्यानं विचारलंच. "बाई, फरशेक काय झाला? खंय उंचसखल आसा?"

"फरशीला काहीही झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

आली का पंचाईत! घरीदारी मालवणी बोलणाऱ्या बाई अशा पुस्तकातलं बोलू लागल्या की समजायचं, आत काहीतरी शिजतंय. शाळेतही तसंच असायचं. 'तू हयसर ये' म्हटलं तर भिण्याचं कारण नसे. 'तू इकडे ये' म्हटलं की खैर नसे.

चहा घेऊन अस्मिता आली, यज्ञेशची बायको. तिला पायसनं हळूच विचारलं.

"काळो रंग नडता काय गो तेंका?"

"छे हो मेस्त्री! सोमवार सकाळपर्यंत चपला बाहेर काढून आत येत होत्या, पायाला गार लागतं म्हणून फेऱ्या घालत होत्या. तुम्ही तो दगड चिरलात ना, तेव्हापासून हे सुरू झालं."

पायस चहा प्यायचा थांबला. सोमवारी काय झालं होतं?

सोमवारी झालं होतं ते असं. पडवीच्या छपरालाही हाच दगड घालायचा ठरला होता, पण व्यापाऱ्यानं वैभववाडीहून ट्रकनं पाठवला तो सगळाच फरशीचा, जाड. तेवढं ओझं वाशांना झेपणार नाही म्हणून यज्ञेश डोक्याला हात लावून बसला. पायस म्हणाला, भिया नको. एक दगड उभा धरला, त्याची कड उजेडात फिरवली, सुतासारखी रेघ शोधली, तिच्यावर पातळ छिन्नी टेकवून चारी बाजूंनी टुकटुक करत गेला, आणि शेवटी मनगट जरासं वळवलं. घावन तव्यावरून सुटावा तसा दगडाचा पापुद्रा सुटला. एकाचे दोन! अस्मितानं चक्क टाळ्या वाजवल्या. आणि कौतुकानं फुगून पायस बोलून गेला होता, "ह्या माका गोयात कोणी शिकवूक नाय! ह्या मी दुसरीत शिकलंय, बाईंच्या वर्गात. एका पाटयेच्यो दोन केलंय आणि बाईंचो मार खाल्लंय!"

सगळे हसले होते. बाई हसल्या होत्या का? ते काही त्यानं बघितलं नव्हतं.

पण त्यात फरशीवर न येण्यासारखं काय होतं? जुनी गंमत ती, त्यात बाईंना काय लागलं? दुपारी जेवून तो पडवीत तोंडावर टॉवेल टाकून पडला, पण डोक्यातला किडा काही झोपू देईना. तेवढ्यात पावलं वाजली. टॉवेलच्या फटीतून बघतो तर बाई. दारापाशी आल्या, आत डोकावल्या, चौकटीला धरून वाकल्या आणि जवळच्या दगडावरून बोटं फिरवू लागल्या. वाकताना तोल गेला आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीला लागला. बाईंनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला, दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

पायस ताडकन उठून बसला. "अरे सायबा!"

हे त्यालाही येत होतं की! रविवारी चर्चला, त्याच्या भाषेत इगर्जीत, जाणारा असला तरी शाळा त्यानं बाईंचीच बघितलेली. पाटीला किंवा पुस्तकाला पाय लागला तर हात लावून पाया पडायचं, हे त्या शाळेत अ आ इ च्याही आधी शिकवत. म्हणजे हा पाटीचाच दगड हे सोमवारी कळलं, आणि बाईंना त्यात सरस्वती दिसायला लागली! एवढंच? पायसला इतकं हलकं वाटलं की तो हसलाच.

"बाई, उगाच जीवाक लावन घेतास. ही काय लिवची पाटी न्हय, फरशी. गोयात आमच्या इगर्जीत तर थडगीच फरशेत असतत, नावा कोरलेली. लोक वरसून चलतत. मेलेली माणसा कधी रागावनत नाय."

"मला सरस्वती शिकवतोस?" बाई म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच बसल्या, पाय पडवीच्या बाजूला ठेवून. "तू मार खाल्लास म्हणालास. काय मार खाल्लास? सांग बघू."

"असात एक फटको. आता काय आठावता?"

"मी तुझ्यावर हात उगारला नव्हता, पायस. मी तुझ्या पाटीवर पाय दिला होता."

आणि मग पायसला ते आठवलं. विसरला नव्हताच तो, नुसतं मार म्हणून एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं. लाकडी चौकट काढलेली पाटी मांडीवर होती, बापाची पातळ सुरी कडेतून आत गेली होती, आणि पापुद्रा अर्धा, अगदी अर्धा सुटला होता. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, नोकरीला तीन महिने झालेले, आणि त्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार म्हणून सकाळपासून घाबरलेल्या. त्यांनी पाटी हिसकावली, जमिनीवर आपटली आणि वर पाय दिला. कर्रकन आवाज झाला. सगळा वर्ग गप्प. पाटी फुटली म्हणून नव्हे; फुटतच असत पाट्या. बाईंनी पाय दिला म्हणून.

"दिवाळीनंतर तू शाळेत आलाच नाहीस," बाई म्हणाल्या. "काकाकडे गोव्याला गेलास असं कळलं. सत्तेचाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, घरची गरज असेल, म्हणून गेला असेल. परवा तू हसत हसत बोललास आणि माझ्या पायाखाली ती पाटी पुन्हा कर्रकन वाजली. आता खरं सांग. माझ्यामुळे गेलास?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. बाई खूश झाल्या असत्या, कदाचित उठून आतही आल्या असत्या. फरशी वाचली असती, परशुरामाच्या अकरा खोल्या वाचल्या असत्या. पण बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलायला तोंड उघडेना.

"व्हय बाई," तो म्हणाला. "बापूस इचारी होतो, जातंस काय म्हणान. मिया जातंय म्हटलंय. शाळेत येवक माका लाज दिसा होती."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पायसला वाटलं, झालं, संपली फरशी. स्वतःच्या जिभेचा त्याला भयंकर राग आला. आणि एकीकडे इतकं मोकळं वाटलं की विचारता सोय नाही.

मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता मी. मास्तरणीनं पहिला तोच विचारायचा असतो. तू करत काय होतास?"

"दोन पाटयो. एक माका, एक बाबलीक. तो बाजूक बसा होतो, तेका पाटी नाय होती."

बाबलीला पाटी नव्हती, हे बाईंना आज कळलं. मग त्यांनी पदरानं डोळे खसाखसा पुसले आणि चष्मा नाकावर बसवला.

"दाखय माका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकाचे दोन कसे होतत ता. सोमवारी मी तोंड फिरवलंय. आणि तेव्हा तर तुका पुरा करूकच दिलंय नाय. आता दाखय."

मालवणी! पायस झटकन उठला. छपराचे उरलेले दगड आत खिडकीखाली होते, तिथं जाऊन फतकल मारून बसला, एक उभा धरला आणि कड उजेडात फिरवू लागला.

"ही बघा रेघ."

"खंय? माका हयसून दिसना नाय."

"मगे येवा हयसर."

त्यानं मुद्दाम वर बघितलं नाही. छिन्नी पुसत राहिला. मागं बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग बांगड्या वाजल्या, बाई वाकल्या असाव्यात, दगडाला हात लावून कपाळाला लावला असावा. आणि मग चार सावकाश पावलं. बाई गुडघ्यांवर हात देत, कुरकुरत, त्याच्या शेजारी बसल्या, वर्गात पोरं बसत तशा.

"ही रेघ? ही होय! आणि ही सगळ्याच दगडात असता?"

"असता. कोणात दोन, कोणात धा. शोधूक व्हयी."

टुकटुक, टुकटुक. मनगट वळलं. पापुद्रा सुटला आणि दोन काळेशार दगड बाईंच्या समोर पडले. बाईंनी आतल्या बाजूवरून हात फिरवला. बाहेरच्या अंगाला ऊनपाऊस लागलेला, आतलं अंग कोरं, किंचित ओलसर.

"ही बाजू आजपर्यंत कोणीच बघूक नाय असात," त्या पुटपुटल्या.

"आपणच पयले बाई."

"दी हयसर," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातली छिन्नी घेतलीसुद्धा. पायसनं दुसरा दगड उभा धरून दिला. हळू मारा, म्हणाला, दगडाक गुदगुल्या करतास असा मारा. बाईंनी जीभ दातांत धरली, रेघ शोधली, छिन्नी टेकवली. पहिली टुक बरी पडली. दुसरीही. तिसरीला जोर जास्त लागला आणि दगड आडवा तडकून त्याचे तीन तुकडे झाले.

आवाज ऐकून यज्ञेश धावत दारात आला. आई फरशीवर बसलेली, पायांचे दोन्ही तळवे दगडावर टेकलेले, बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. अस्मितानं मागून त्याचा शर्ट ओढला.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या हातातल्या तुकड्याकडे बघत होत्या आणि तोंडावर अगदी दुसरीतल्या पोराची भीती होती.

"मोडली," त्या म्हणाल्या.

पायसनं तुकडे एका बाजूला सारले, ढिगातला पुढचा दगड उचलला, कड फडक्यानं पुसली आणि त्यांच्या पुढ्यात उभा धरला.

"मोडांदेत बाई. दुसरी घेवा."