खिळ्यांचा नवस

लखनऊ मागे पडलं की हायवेवर एका नाल्याचा बुटका पूल लागतो. २०१२ सालच्या मार्चमध्ये त्या पुलापाशी सकाळपासून जत्रा भरायची. मोटारसायकली, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, नवरदेवाची सजवलेली बोलेरो, सगळ्या गाड्या रस्त्याच्या कडेला वेड्यावाकड्या उभ्या. मधोमध भगव्या छपराखाली एक आडदांड माणूस बसलेला, गळ्यात बेअरिंगच्या छर्‍यांची माळ. हे चक्केवाले, म्हणजे चाकवाले बाबा.

"पुल पर कौन बैठी है?" बाबा ओरडायचे.

"चुड़ैल!" गर्दी ओरडायची.

"खाती क्या है?"

"लोहा!"

"तो उसे भूखी क्यों रखते हो, अभागो? कील चढ़ाओ, काल हटाओ!"

लाल फडक्यात मूठभर खिळे बांधायचे आणि पुलावरून जाताना ती पोटली चालत्या गाडीतून रस्त्यावर सोडायची. चुडैलीचं, म्हणजे हडळीचं, पोट भरलं की ती गाडी सोडते, असा हिशेब. आणि नाहीच सोडली, पुलावर पंक्चर होऊन चाक बसलंच, तर बाबा होतेच. ते चाकातून चुडैल काढून दाखवत.

त्या गर्दीत मी, माझी सासू द्रौपदी आणि मुलगी क्षितिजा अशा तिघी उभ्या होतो. आधीच्या महिन्यात याच पुलावर माझा नवरा गेला होता. उल्हास टेलिफोन खात्यात होता. टॉवरचं काम बघून मोटारसायकलवरून परत येत होता. गाडी अचानक डगमगली आणि तो दुभाजकावर आदळला. हेल्मेट होतं. मानेला काही नव्हतं.

लोक मला म्हणत, रडून घे. रडू येत नव्हतं. मी शाळेत परत रुजू झाले, आठवीला आम्ल आणि अल्कली शिकवलं, घरी आले, भाजी निवडली. चहा गार व्हायचा, तसाच प्यायची. कुणी विचारलं, "कैसी हैं मैडम?" तर "ठीक," म्हणायची, आणि खरंच काही दुखत नसायचं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भंडार्‍याहून आल्या होत्या. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, रोज संध्याकाळी बुद्धवंदना. देवऋषी, अंगारेधुपारे आईंनी आयुष्यभर उंबर्‍याबाहेर ठेवलेले. पण शेजारच्या मधुमती भाभींनी त्यांना पुलाची गोष्ट सांगितली आणि आईंनी जेवण टाकलं.

"पोरगी आता गाडी चालवन, कल्पना," त्या म्हणाल्या. "तिले काही झालं त मी कोणाले तोंड दाखवू? चार खिळे टाकून येऊ. मी मेल्यावर तू मले हासजो."

"आजी, ये सब बकवास है," क्षितिजा म्हणाली. ती मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची.

मी वाद घातला नाही. वाद घालायला काहीतरी वाटावं लागतं. मी खिळे आणले, लाल फडकं आणलं आणि रविवारी रिक्षा ठरवली.

आमच्या पुढे एक दूधवाला होता. मोटारसायकलचं मागचं चाक बसलेलं, कॅनमधलं दूध उन्हात तापत चाललेलं. बाबांनी चाक फिरवलं, टायरला हळदीचा हात फासला आणि पितळी लोट्यातलं "गंगाजल" हळूहळू ओतलं. एका जागी फसफसून बुडबुडे आले आणि बघता बघता फेस लालभडक झाला.

"खून!" बाबा गरजले. "देख लो चुड़ैल का खून! दाँत गड़ाए बैठी है!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबांनी चाकावर पांढरं फडकं टाकलं, खाली हात घालून काहीतरी पुटपुटले, मग काळा दोरा गुंडाळलेलं त्रिशूळ जवळ नेलं. टक्! खिळा उडून त्रिशुळाला चिकटला.

"ये रहा दाँत! और दाँत चाहिए उसको, और लोहा चाहिए!"

गर्दीने जयजयकार केला. आईंनी हात जोडले.

मी त्या लाल फेसाकडे बघत होते. आदल्या आठवड्यात वर्गात हेच केलं होतं. लिटमस संपला होता, म्हणून कागदाला हळद लावून त्यावर साबणाचं पाणी टाकलं होतं. मुलं अशीच "ओऽऽ" म्हणाली होती.

मी पुढे गेले. धीर वगैरे काही गोळा केला नाही. भीती वाटायचीही बंद झाली होती. बाबांच्या ताटातली हळद उचलली, स्वतःच्या तळहाताला फासली आणि लोटा घेऊन पाणी हातावर ओतलं. तळहात लाल झाला.

"मेरे हाथ में कौन सी चुड़ैल है, बाबा?"

मी लोटा गर्दीसमोर धरला.

"इसमें कपड़े धोने का सोडा और साबुन है," मी सांगितलं, वर्गात सांगते त्याच आवाजात. "हल्दी पर सोडा पड़े तो वो लाल हो जाती है. साड़ी से हल्दी का दाग धोते वक़्त आपके घर में रोज़ यही होता है. और बुलबुले? वो तो हर पंक्चरवाला निकालता है. हवा निकलती है, और क्या."

मग मी त्रिशूळ उचललं. बाबा झटकन पुढे आले, पण क्षितिजा मध्ये उभी राहिली. मी घराच्या किल्ल्या त्रिशुळाजवळ नेल्या. टक्! चिकटल्या. दोरा सोडला तर आत लोहचुंबक. खिळा आधी फडक्याखाली पकडीने उपटायचा आणि मग चुंबकासमोर सोडायचा.

"चढ़ गई!" बाबा किंचाळले. "इसी पर चढ़ गई है चुड़ैल! दूर रहो इससे!"

चारदोन माणसं मागे सरली. एकजण बायकोला म्हणाला, "बेचारी सदमे में है." दूधवाल्याने मात्र तो खिळा हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "मैडम, इसमें ये लाल धागा कैसा?"

खिळ्याच्या डोक्याखाली नवसाच्या लाल फडक्याचे दोरे अडकलेले होते.

मी पुलाकडे पाहिलं. लोकांनी टाकलेल्या पोटल्या ट्रकच्या चाकांखाली फाटत होत्या. खिळे डांबरावर पसरले होते, उन्हात चमकत होते. त्यांत फुटलेले नारळ, काचा, एका ट्रकवाल्याने गाडी दुरुस्त करताना टेकू म्हणून लावलेले आणि तसेच सोडलेले दगड. जेवढे नवस, तेवढे खिळे. जेवढे खिळे, तेवढी पंक्चरं. आणि जेवढी पंक्चरं, तेवढे बाबांकडे नवस.

रिक्षात आमची पोटली आईंच्या मांडीवर होती.

घरी आल्यावर मी सरळ जिन्याखाली गेले. उल्हासची मोटारसायकल पोलिसांनी परत दिली होती, ती तिथे चादरीखाली उभी होती. तोवर मी चादर काढली नव्हती. काढली. पुढचं चाक बसलेलं होतं. क्षितिजाने खाली बसून टायरवरून बोटं फिरवली, थांबली आणि वरून पक्कड आणली.

खिळा बाहेर आला. त्याच्या डोक्याखाली लाल दोरे होते.

क्षितिजा तिथेच जमिनीवर बसली. आईंनी खिळा हातात घेतला आणि खूप वेळ उलटसुलट करून पाहिला.

"मंजे कोन्या मायनं आपल्या लेकासाठी टाकला आसन हा," त्या म्हणाल्या. "त्याले काही होऊ नये मनून. आन् माह्या लेकाच्या चाकात आला."

एवढं बोलून त्या रडल्या. क्षितिजाही रडली, आणि पहिल्यांदा मराठीत म्हणाली, "आई, तू पण रड ना." मी दोघींच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझे डोळे कोरडेच होते. मला फक्त दिसत होतं की आपण आज काय टाकून येणार होतो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. शाळेतले चुंबक एका लांब दांड्याला बांधले होते. दूधवाला, हरिहर त्याचं नाव, त्याच्या गावातली माणसं घेऊन आला होता. त्यांनी दोन्ही बाजूंना लाल झेंडे धरले, आणि आम्ही रस्त्याचा एक एक पट्टा बंद करून पूल साफ केला. खिळ्यांनी घमेलं भरलं, मग दुसरं. दगड ओढून कडेला नेले. आई झाडू मारत होत्या. छपराखालून बाबा ओरडत होते, की चुडैल उपाशी राहील, गाव गिळून टाकेल. त्यांच्यासमोर अजूनही लोक होते, थोडे कमी.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर वयस्क होता, हातात लाल पोटली. मी त्याला हळद सांगितली, सोडा सांगितला, चुंबक सांगितला. त्याने सगळं नीट ऐकलं, मानही डोलावली.

"आप पढ़ी-लिखी हैं, सही कहती होंगी," तो म्हणाला. "लेकिन मैडम, डाल देने में जाता क्या है?"

"मेरे पति गए," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झाडू घेऊन उभ्या असलेल्या आईंकडे. पोटली त्याने स्टेअरिंगसमोर ठेवली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. पुढच्या पुलावर त्याने ती टाकली का, मला माहीत नाही.

कुणी मला विचारतं, भूत नसतं कशावरून? मी त्या वादात पडत नाही. मी एवढंच सांगते: रस्त्यावर टाकलेला खिळा, नारळ, बाटली, दगड, काहीही असो, ते देवाला पोचत नाही, भुतालाही पोचत नाही. ते मागून येणार्‍या माणसाला पोचतं.